सगळ्यांचा पीडी 63 नसतो

सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘ऑनलाइन चष्मा मागवताना पीडी विचारला तर बिनधास्त 63 टाका, मोठ्या माणसांचा तेवढाच असतो.’ हे चूक आहे. पीडी म्हणजे दोन बाहुल्यांच्या मध्यांमधलं अंतर. 63 मिलिमीटर ही साधारण सरासरी. प्रत्यक्षात मोठ्या माणसांत ते 54 ते 74 पर्यंत आढळतं. नंबर अर्धा-पाऊण असेल तर थोडा फरक जाणवणारही नाही. पण उणे 6 नंबरला 4 मिलिमीटर चुकले, की दोन्ही काचा मिळून जवळपास अडीच प्रिझमचा (प्रिझम म्हणजे काच प्रकाश किती वळवते ते मोजायचं एकक) ताण डोळ्यांवर येतो. डोकं दुखतं आणि माणूस नंबरालाच दोष देतो.

घरी मोजता येतं, फक्त मिलिमीटरची पट्टी हवी. समोरासमोर हातभर अंतरावर बसा. मोजणाऱ्याने आधी उजवा डोळा मिटावा. तुम्ही त्याच्या उघड्या डाव्या डोळ्यात बघा, त्याने शून्य तुमच्या उजव्या बाहुलीच्या मध्यावर धरावं. मग पट्टी न हलवता त्याने डोळा बदलावा, तुम्हीही नजर त्या डोळ्यावर न्या, आणि त्याने तुमच्या डाव्या बाहुलीच्या मध्यावरचा आकडा वाचावा. तीनदा मोजा.

आपल्याकडे विडी वळणाऱ्या, गणवेश शिवणाऱ्या कितीतरी बायका फक्त जवळचा चष्मा वापरतात. त्यांच्यासाठी यातून साधारण 3 मिलिमीटर कमी धरावे लागतात. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दूरचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत असलेल्या काचांचं माप मात्र फ्रेम डोळ्यांवर चढवून दुकानातच घ्या.