शोधनिबंध छापू इच्छिणाऱ्यांसाठी हितोपदेश

संशोधक मित्रहो, मी लिहिलेला निबंध आमच्या विभागाच्या संकेतस्थळावरून ताबडतोब काढून टाकावा, अन्यथा कॉपीराइटभंगाची कारवाई होईल, असे पत्र गेल्या आठवड्यात एका परदेशी प्रकाशकाकडून आले. या कानउघाडणीने माझे डोळे उघडले. आता आपलेही उघडावेत.

निबंध स्वीकारला गेला की कॉपीराइट प्रकाशकाच्या नावे करण्याचा, म्हणजे हस्तांतराचा करारनामा येतो, तो वाचू नये. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांचे आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतेच धरले जाते. म्हणून प्रकाशक ‘संपूर्ण जगात, हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी’ असे आठवणीने लिहून घेतात. ही मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे चालते, त्यामुळे नातवंडांचीही चिंता मिटते.

मानधन मागू नये. इतरांचे निबंध छापण्याआधी तपासून देण्याचे, म्हणजे परीक्षणाचे तर मुळीच नाही.

निबंध सर्वांना खुला असावा अशी हौस असेल, तर पैसे मोजावेत. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने 2021 पासून त्यासाठी 9,500 युरो आकारायला सुरुवात केली. खिशाला परवडत नसेल तर निबंध कुलपात ठेवावा आणि त्या कुलपाची किल्ली सरकार विकत घेते हे पाहून धन्य व्हावे. संशोधनाला पैसा जनतेचा, लेखन आपले, परीक्षण आपल्याच सहकाऱ्यांचे आणि तेही फुकट, अक्षरजुळणीसुद्धा त्यांच्या साच्यात आपणच करून द्यायची. आणि मग तेच वाचण्यासाठी ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत 2025 ते 2027 या तीन वर्षांकरिता 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशकांच्या नियतकालिकांसाठी! एवढे करूनही दारे उघडली ती सरकारी संस्थांपुरती. तालुक्याच्या गावातील विनाअनुदानित महाविद्यालयाचा शिक्षक बाहेर, आणि ज्या शेतकऱ्याच्या विहिरीचे पाणी तपासून माझा निबंध झाला, तो तर कोणाच्या खिजगणतीतच नाही. त्याच्या पाण्यात काय आहे हे त्याला वाचू देणे म्हणे हक्कभंग!

स्वीकृत मसुदा, म्हणजे परीक्षणानंतर मान्य झालेली आपली प्रत, संस्थेच्या ऑनलाइन भांडारात सर्वांसाठी ठेवण्याची मुभा अनेक प्रकाशक देतात, काही जण वर्षभर थांबायला लावून. पण ही गोष्ट कोणाला सांगू नये. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांचे 2014 चे धोरणही त्यांच्या निधीतून झालेले निबंध असेच ठेवा म्हणते. धोरण फाइलीत सुखरूप आहे.

आणि निवड समित्यांवर बसलेल्या ज्येष्ठांनो, या हितोपदेशाचा मान मुळात तुमचा आहे. उमेदवाराचा निबंध तुम्ही वाचत नाही, नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातल्या निबंधांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा, तेवढा पाहता. याच प्रकाशकांच्या संपादक मंडळांवर नाव झळकावे म्हणून राबता. 1932 पासून बंगळुरूहून निघणारे, कोणालाही फुकट वाचता येणारे ‘करंट सायन्स’ तुम्हाला उरलासुरला निबंध पाठवण्यापुरते आठवते. खुल्या नियतकालिकात लिहिणाऱ्या तरुणाला मुलाखतीत ‘चांगल्या ठिकाणी काही नाही का?’ असे विचारणारे तुम्हीच. मग त्याने त्या करारनाम्यावर सही करायची नाही तर काय करायचे, हे त्याला समोर बसवून एकदा सांगा.