एकवीसपर्यंतचा गुणाकार उणे कसा आला?

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो. पायथॉनमध्ये पूर्णांकाला मर्यादा नसते, म्हणून नमपाय-पांडाज या त्याच्या आकडेमोडीच्या लायब्ररींमध्येही आकडा कितीही मोठा चालतो. डोईजड झालाच तर एरर येतो. आणि धाकधूक असेल तर सरळ फ्लोट, म्हणजे दशांश संख्या, करा. दादरला मी दर शनिवारी मुलांना शिकवतो, तिथेही तो पोचला. त्यावर विसंबून कोणी पगाराचे किंवा बँकेचे आकडे हाताळू नयेत, म्हणून हे लिहितोय.

मर्यादा नाही, हे खरं आहे ते पायथॉनच्या स्वतःच्या इंटपुरतं, म्हणजे पूर्णांकापुरतं. तो मेमरी पुरेल तितका वाढतो. नमपायच्या इंट64 अ‍ॅरेत (आकड्यांच्या यादीत) प्रत्येक आकड्याला मोजून 64 बिट (0-1 च्या जागा) मिळतात, कमाल 92,23,37,20,36,85,47,75,807. विंडोजवर तर 2024 मध्ये नमपाय 2.0 येईपर्यंत डिफॉल्ट 32 बिटच होता, म्हणजे 2,14,74,83,647. हिशेब रुपयांऐवजी पैशांत ठेवलात तर मुंबईतला सव्वादोन कोटींचा फ्लॅटही त्यात मावत नाही.

एरर येतो म्हणे! वर्गातल्या एका मुलीने 1 ते 21 चा अ‍ॅरे करून त्याचा गुणाकार काढला. 20 पर्यंत उत्तर चोख होतं. 21 ला स्क्रीनवर आलं उणे 42,49,29,00,49,41,92,14,848. एरर नाही, साधी वॉर्निंगही नाही. सुट्या आकड्यावर नमपाय वॉर्निंग देतं, पण अ‍ॅरेवर प्रत्येक पायरीला तपासणी केली तर त्याचा वेगच जाईल. म्हणून 64 च्या वरचे बिट गुपचूप गळतात.

फ्लोटचा सल्ला सगळ्यात घातक. त्यात अचूकतेला 53 बिटच असतात. 9,00,71,99,25,47,40,992 च्या पुढे लगतचे दोन पूर्णांक वेगळे राहतीलच असं नाही. 123456789012345678 हा खाते क्रमांक फ्लोट करा, तो 123456789012345680 होतो. पैसे भलत्याच खात्यात! आणि हे तुम्ही मुद्दाम करायलाही नको: सीएसव्ही फाइलमधल्या (साध्या मजकुरातल्या तक्त्यातल्या) खाते क्रमांकांच्या रकान्यात एक घर रिकामं असलं, की पांडाज आपणहून अख्खा रकाना फ्लोट करतं. खाते क्रमांकांची बेरीज कोणी करत नाही, ते स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, म्हणूनच वाचा.

खरोखर मोठी आकडेमोड असेल तर अ‍ॅरे करताना डीटाइप (आकड्यांचा प्रकार) ऑब्जेक्ट द्या. वेग पडतो, पण आत पायथॉनचेच इंट राहतात. त्या मुलीने तेवढा एक शब्द बदलला आणि उत्तर आलं: 5,10,90,94,21,71,70,94,40,000.