लिब्रेटोत ४ जीबीचंच कार्ड का बसवलं

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय रविवारी रात्री मुलाने वाचून दाखवला. तुमच्या वडिलांचा जुना छोटा लॅपटॉप तीन आठवड्यांत दुरुस्त करून देतो सांगून सात आठवडे लागले, मधे दोनदा तुमचा फोन उचलला गेला नाही. चूक आमची आहे, मनापासून माफी मागतो.

पण तुम्ही असंही लिहिलंय की ६४ जीबी सांगितलं असताना ४ जीबीचं कार्ड गळ्यात मारलं, तसलं कार्ड ऑनलाइन ५०० रुपयांना मिळतं आणि आम्ही ६,५०० घेऊन तुम्हाला लुबाडलं. उशिरावरून काय बोलायचं ते बोला, ऐकून घेईन. ‘लुबाडलं’ हा शब्द मात्र घशाखाली उतरत नाही. १९९६ पासून बुधवार पेठेत याच टेबलावर सोल्डरिंग करतोय, हा शब्द अजून कुणी वापरला नव्हता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या वडिलांचं मशीन म्हणजे तोशिबा लिब्रेटो ५०सीटी, १९९७ सालचं. आकार व्हिडिओ कॅसेटएवढा, वजन ८५० ग्रॅम, पेंटियम ७५ मेगाहर्ट्झ, १६ एमबी रॅम, आणि त्यात पूर्ण विंडोज ९५ चालतं. असं मशीन दुकानात आलं की मला अजूनही आनंद होतो, तुमच्यासमोर तसं बोललोही होतो. आतली मूळ डिस्क ८०० एमबीच्या आसपासची, तीही खरखर करत होती. तिच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश नावाचं मेमरी कार्ड बसवायचं ठरलं. हे कार्ड आयडीई, म्हणजे तेव्हाच्या संगणकातल्या, डिस्कचीच भाषा बोलतं. मधे ४४ पिनांचा साधा अडॅप्टर घातला की काम होतं, आवाज नाही, हिसक्याची भीती नाही.

आता ६४ जीबीचं. या मशीनचा बायोस, म्हणजे चालू होताना डिस्क ओळखणारा आतला प्रोग्रॅम, डिस्क मोजतो ती जुन्या पद्धतीने: जास्तीत जास्त १०२४ सिलिंडर, २५५ हेड, ६३ सेक्टर, दर सेक्टरला ५१२ बाइट. गुणाकार करून बघा, ८.४ जीबीच्या आसपास येतो. त्यापुढे कितीही मोठं कार्ड लावा, बायोसच्या लेखी डिस्क तिथेच संपली. पुढची जागा दिसावी म्हणून वेगळा प्रोग्रॅम टाकता येतो, तोही मी टाकून पाहिला. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. लिब्रेटो हायबरनेट होताना, म्हणजे चालू काम तसंच राखून बंद होताना, मेमरीतलं सगळं डिस्कच्या शेवटी लिहून ठेवतो. शेवट कुठला, तर बायोसला वाटतो तो, म्हणजे ८ जीबीच्या पुढेमागे. ६४ जीबीच्या कार्डात ती जागा बरोबर तुमच्या फायलींच्या मधोमध येऊ शकते. मशीन ना विचारतं ना सांगतं, आहे त्याच्यावर लिहून मोकळं होतं.

हे ऐकीव सांगत नाही. तुमचा आग्रह होता म्हणून माझ्याकडचं ६४ जीबीचं कार्ड आधी लावलं, वडिलांच्या फायलींची प्रत त्यावर टाकली, आणि रात्री मशीन हायबरनेट करून घरी गेलो. सकाळी पत्रांच्या फोल्डरमधल्या ११ फायली उघडेनात. प्रत होती म्हणून निभावलं. तसंच मशीन तुमच्या हाती दिलं असतं तर त्या दिवशी तुम्ही खूश झाला असता आणि महिन्याभरात पत्रं गेली असती. या प्रयोगात चार दिवस गेले, त्याचा एक रुपयाही बिलात नाही.

म्हणून ४ जीबी. मूळ डिस्कच्या जवळजवळ पाचपट जागा झाली, आणि शेवटचे १०० एमबी हायबरनेशनसाठी मोकळे सोडले आहेत. विंडोज ९५, वर्ड, तुमच्या लहानपणचे गेम, वडिलांच्या सगळ्या फायली एवढं भरूनही निम्म्याहून जास्त कार्ड रिकामं आहे.

५०० रुपयांचं कार्ड कॅमेऱ्यासाठी असतं. रॅम १६ एमबीच असल्यामुळे विंडोज दिवसभर डिस्कवर लिहीत-पुसत राहतं, त्या माऱ्याला साधं कार्ड फार टिकत नाही. आम्ही बसवलं ते कारखान्यातल्या यंत्रांत वापरतात तसलं, २,४०० रुपयांचं. अडॅप्टर ३५०. बॅकअपची छोटी बॅटरी गळून बोर्डावर हिरवं चढलं होतं, ते साफ करून नवी बॅटरी बसवली, ८००. उरलेले २,९५० मजुरी. त्यात कार्डाचे भाग याच मशीनवर पाडणं आलं, कारण दुसऱ्या संगणकावर पाडले की कधी कधी मोजणी जुळत नाही आणि मशीन सुरूच होत नाही.

पुढचं लिहावं की नाही याचा दोन दिवस विचार केला. मशीन आमच्याकडे आलं तेव्हा अर्धं उघडलेलं होतं, स्क्रू वेगळ्या डबीत होते आणि बिजागरीजवळचं प्लास्टिक तडकलेलं होतं. घरी कुणीतरी प्रयत्न केला असेल, त्यात वावगं काही नाही. इतकं जुनं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं. पण अभिप्रायात तो तडा आमच्या नावावर आलाय. मशीन घेतलं त्याच दिवशीचे फोटो तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवले होते, कृपया एकदा बघा. त्याखालीच माझा लांबलचक निरोप आहे, त्यात ४ जीबीचं कारण लिहिलंय, आणि त्यावर तुमचा अंगठा आलाय. आता वाटतं, एवढा तांत्रिक मजकूर घाईत कोण वाचणार? फोन करून सांगायला हवं होतं. यापुढे असा बदल पावतीवरच लिहून घेऊ, फोनचंही काहीतरी बघतो.

वायफाय चालणार नाही हे मशीन घेतानाच बोललो होतो. या मशीनच्या कार्डाच्या खाचेत चालणारी जुनी वायफाय कार्डं आजच्या राउटरच्या सुरक्षेला जुळत नाहीत. वायरचं लॅन कार्ड हवं असेल तर माझ्याकडचं देतो, पैसे नकोत.

ताई, आमच्याकडे जाहिरात नाही. नाशिक, कोल्हापूरहून लोक हे तारे बघूनच कुरियरने मशीन पाठवतात. तुमचा अभिप्राय आला त्या आठवड्यात एकाने पाठवायचं थांबवलं. तारे वाढवा असं म्हणत नाही, तेवढा ‘लुबाडलं’ हा शब्द एकदा परत वाचून बघा. आणि ६४ जीबी हवंच असेल तर तेही बसवून देतो, पण हायबरनेशन कायमचं बंद करून आणि तसं तुमच्याकडून लिहून घेऊन.

वडिलांची जुनी डिस्क तुम्ही नेली नाहीत. त्यातलं काही पुसलेलं नाही. अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, तुमच्या नावाची चिठ्ठी लावून कपाटात ठेवली आहे. रविवार सोडून कधीही या, सकाळी अकरानंतर मी असतोच.