काका, घरी कोणी तरुण आहे का?

“काका, घरी कोणी तरुण आहे का? असेल तर त्याला घेऊन या ना,” हे वाक्य गेल्या मंगळवारी कणकवलीतल्या एका मोबाइलच्या दुकानात, माझ्यापेक्षा निदान ३५ वर्षांनी लहान असलेल्या मुलाने मला अत्यंत नम्रपणे ऐकवले, आणि आज शनिवार उजाडला तरी ते माझ्या घशात बांगड्याच्या काट्यासारखे अडकून बसले आहे. तो उद्धटपणे बोलला असता तर भांडता तरी आले असते. नम्र माणसाशी भांडण्यासाठी जी तयारी लागते ती माझ्यापाशी नव्हती. माझ्यापाशी होती ती फक्त वही.

ही वही मी तीन आठवडे खपून तयार केली होती. जुना फोन किनाऱ्यावरचे फोन जसे जातात तसाच गेला, म्हणजे खाऱ्या हवेने चार्जिंगच्या भोकात हिरवट थर धरला, मग तो फक्त उजव्या कुशीवर ठेवला तरच चार्ज होऊ लागला आणि एके दिवशी तोही हट्ट त्याने सोडला. नवा घेताना फसायचे नाही, असे ठरवून मी वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारली, डावीकडे हार्डवेअर आणि उजवीकडे सॉफ्टवेअर असे मथळे दिले आणि ३१ वर्षे पतपेढीत खतावणी लिहिलेल्या हाताने एकेका फोनचे खाते उघडले. डावी बाजू पहिल्या आठवड्यातच भरून वाहू लागली, कारण वजन, बॅटरी, कॅमेरे, रॅम, पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगतो, हे सारे आकडे कंपन्या आपण होऊन सांगतात. उजवी बाजू मात्र देवगडच्या पावसाळ्यातल्या पर्यटन निवासासारखी रिकामी राहिली. तीच भरून घेण्यासाठी मी एसटीने नांदगाव तिठ्यावरून कणकवली गाठली होती, आणि “यात मराठीचा कीबोर्ड कसा आहे, आयत्या आलेल्या ॲपपैकी किती काढता येतात आणि अपडेट किती वर्षे मिळतील?” एवढे तीन प्रश्न विचारताच त्या मुलाने माझ्या घरातल्या तरुणाची चौकशी केली होती.

याच वेळी मागच्या स्टुलावरून आवाज आला, “मास्तरांनू, वजन किती तेचा?”

मी मास्तर नाही, हे मी त्या गृहस्थांना त्या दुपारी चार वेळा सांगितले आणि चारही वेळा त्यांनी ते ऐकून सोडून दिले. हातात वही असलेला मनुष्य मास्तरच असतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. दुकानातले सगळे त्यांना आबा म्हणत होते. वय सत्तरीच्या पुढे, कमरेपर्यंत भिजलेले, छत्री दाराशी उलटी टेकवलेली. देवगड तालुक्यात त्यांची कलमांची बाग होती, त्यांची गाडी पाच वाजता सुटणार होती, आणि तोवर काही तरी खरेदी केलीच पाहिजे असे त्यांच्या मनात मुळीच नव्हते.

“१९८ ग्रॅम,” मी वहीत पाहून सांगितले.

“म्हणजे सात डझनी. आणि तो काळो?”

“२२६.”

“सहा डझनी. मगे लहान आंब्याक दर जास्ती कसो?”

सात डझनी पेटीतले फळ सहा डझनीपेक्षा लहान आणि म्हणून स्वस्त, हे आमच्याकडे शेंबडे पोरही जाणते. परंतु १९८ ग्रॅमचा फोन २२६ ग्रॅमच्या फोनपेक्षा ३५०० रुपयांनी महाग का, याचे उत्तर त्या मुलाला देता आले नाही आणि, प्रामाणिकपणे सांगायचे तर, तो प्रश्न माझ्या वहीतही नव्हता. आबांनी मग स्टूल पुढे ओढले. दोन्ही फोन दोन तळहातांवर घेऊन त्यांनी ते झेलले, एकाच्या पाठीवर नखाने टकटक केले, आणि काउंटरवरचा मुलगा डोळे विस्फारून पाहत असताना तो नाकाशी नेऊन हुंगला.

मुलाने त्यांच्यावर कॅमेऱ्याचा मारा केला. हा १०८ मेगापिक्सेलचा आहे, असे तो म्हणाला. मी वहीच्या आधाराने खुलासा केला की हे खरे असले तरी नेहमीच्या फोटोत सेन्सरवरचे नऊ-नऊ बिंदू एकत्र करून एक केला जातो, त्यामुळे हाती येतो तो १२ मेगापिक्सेलचाच फोटो. त्यामागे कारणही आहे, कारण चिमुकल्या बिंदूंवर प्रकाश कमी पडतो आणि नऊ जणांनी मिळून गोळा केला तर अंधारातला फोटो जरा बरा येतो. पण खोक्यावर मात्र १०८ च छापलेले असते.

“नऊ आंब्यांचो एक?” आबा म्हणाले. “मगे तेका आमरस म्हणतत.”

रॅम ८ अधिक ८ आहे, असे मुलगा म्हणाला. त्यातली दुसरी आठ जीबी ही रॅम नसून साठवणीच्या जागेतून उसनी घेतलेली असते आणि ती खऱ्या रॅमच्या मानाने फार सावकाश चालते, हे मी सांगताच आबांनी कपाळाला हात लावला. “पेटयेतला गवत धरून आंबे मोजल्यानी मेल्यांनी!” साठवण १२८ जीबी, पण ती १००० ऐवजी १०२४ च्या पटीत मोजली की सुमारे ११९ उरते आणि त्यातूनही फोनची स्वतःची यंत्रणा आपला वाटा आधीच काढून घेते, हे ऐकल्यावर तर त्यांनी दुकानात पाऊस चुकवायला थांबलेल्या इतर दोघांनाही साक्षीला बोलावले. एव्हाना माझ्या लक्षात आले होते की तीन आठवड्यांचा माझा सगळा अभ्यास हा मनुष्य एकेका वाक्यात मालवणीत उतरवून टाकत होता, आणि लोक हसत होते ते त्याच्या वाक्यांना. मला थोडे वाईट वाटले. वही माझी होती.

मग त्यांनी फोन सुरू करून पाहायला मागितला. छत्रीच्या पाण्याने ओल्या झालेल्या बोटाने त्यांनी पडद्याला स्पर्श केला मात्र, फोन अंगात वारे शिरल्यासारखा वागू लागला. कॅमेरा उघडला, मिटला, गणकयंत्र उघडून त्यावर आपोआप साताचे पाच आकडे उमटले आणि तातडीच्या मदतीचा पडदा वर येऊ लागला, तेव्हा मुलाने झडप घालून तो फडक्याने पुसला. यात फोनचा तसा अपराध नाही. २००७ च्या आयफोननंतर सर्वत्र रूढ झालेल्या या पडद्यांना दाब कळत नाही. काचेखाली डोळ्यांना न दिसणारा विद्युतवाहक थर असतो, बोट टेकले की तेथला विद्युतभार किंचित बदलतो आणि त्यावरून जागा ओळखली जाते. पाण्याच्या थेंबानेही तो बदलतो, त्यामुळे थेंब पडला तरी बोट आले असे त्याला वाटते. हे शास्त्र मला मान्य आहे. परंतु जेथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर माणसाचे कोणतेही बोट संपूर्ण कोरडे म्हणून नसते, तेथे कोणी तरी ही गोष्ट खोक्यावर छापायला हवी होती. खोक्यावर छापले होते ते ‘आयपी ६८’. त्यातला सहा धुळीसाठी आणि आठ पाण्यात बुडण्यासाठी. पण ही चाचणी गोड्या पाण्यात घेतात, आणि पाणी शिरून बिघाड झाला तर तो वॉरंटीत बसत नाही. आमच्या किनाऱ्यावर गोड्या पाण्याला भितो कोण? जे पाणी पत्रे, खिडक्यांचे गज आणि मोटारसायकलचे मडगार्ड खाऊन टाकते, त्याची परीक्षा कोणी घेतलेलीच नाही.

बोटाच्या ठशाने कुलूप उघडते, हे दाखवण्यासाठी मुलाने आबांचा अंगठा, या वेळी नीट पुसून, पडद्यावर ठेवायला सांगितला. ‘पुन्हा प्रयत्न करा’ अशी अक्षरे उमटली. सहा वेळा प्रयत्न झाले. आबांनी अंगठा उजेडात धरून दाखवला: काजूच्या टरफलातल्या तेलाने वर्षानुवर्षे सोलवटत गेलेला, रेषा म्हणून नाहीच, नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत.

“रेशनावरचां मशीन पण माका वळखणा नाय,” ते म्हणाले, “तुझो फोन काय वळखतलो?”

लोक हसले आणि मीही हसलो. पण माझी थोरली बहीण काजूच्या कारखान्यात २० वर्षे बी सोलत होती आणि तिच्या वाट्याचे तांदूळ दर महिन्याला या गुळगुळीतपणापायी अडतात, शेजारच्या रांगेतली बाई मागून “चला आवरा” म्हणते, ते मी स्वतः पाहिले आहे. ज्या बोटांनी आयुष्यभर काम केले तीच बोटे ओळख पटवायला नालायक ठरतात, आणि यंत्र करणाऱ्याला त्याचे काहीच वाटत नाही. असो.

उजव्या बाजूचा प्रश्न मी पुन्हा काढला. फोनवर ‘दऱ्या’ हा शब्द लिहून दाखव, असे मी मुलाला सांगितले. त्याने इंग्रजी अक्षरांत टंकला आणि ‘दर्या’ उमटला. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. कोकणात राहणाऱ्याला दोन्ही लागतात, आणि त्यांची अदलाबदल झाली तर होडी करुळ घाटात जाईल. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांनी मान्य केलेल्या अक्षरांच्या यादीत, या ‘ऱ’ला स्वतःची वेगळी जागा दिलेली आहे, त्यामुळे यंत्राची काहीच अडचण नाही, अडचण आहे ती कीबोर्ड करणाऱ्याची, ज्याला ती कळ कोठे तरी चार पडद्यांच्या मागे लपवावीशी वाटली.

“काका, आता लिहितं कोण? बोलायचं,” असे म्हणून मुलाने फोन आबांच्या तोंडासमोर धरला.

“बांगडो कितक्याक?” आबांनी दणदणीत आवाजात विचारले.

फोनने क्षणभर विचार केला आणि लिहिले, ‘बांगलादेश कितवा’.

यानंतर दुकानात काही काळ व्यवहार होऊ शकला नाही. हसे ओसरल्यावर आबांनी फोन काउंटरवर ठेवला आणि प्रथमच गंभीर होऊन त्या मुलाला म्हणाले, “ह्यां सगळां साल झालां. आतलो गर खंय दाखयलंस? आत साको असलो तर?”

हापूस ज्याने विकत घेतला आहे त्याला साका समजावून सांगण्याची गरज नाही. फळ बाहेरून सोन्यासारखे, वास घरभर, देठाजवळ एक डाग नाही. आणि कापावे तर आत कोयीभोवती पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर. कापल्याशिवाय तो कोणाला ओळखता येत नाही. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेल्या, १९८१ साली आलेल्या रत्ना जातीत साका होत नाही, तरी गिऱ्हाईक हापूसच मागते, हे आबांनी ओघात सांगितले. मी वही उघडली आणि तीन आठवडे रिकाम्या राहिलेल्या उजव्या रकान्यात एकच शब्द लिहिला.

मुलाने अपडेट ‘लाइफटाइम’ मिळतील असे तोंडी सांगितले, ते छापील कोठे आहे असे विचारताच पुन्हा घरच्या तरुणाचा विषय निघेल अशी चिन्हे दिसू लागली, आणि मी १७,४९९ रुपये मोजून तो सात डझनी घेतला. खोक्यात चार्जर नव्हता. एका मोठ्या कंपनीने २०२० साली पर्यावरणासाठी म्हणून तो काढला, आणि पर्यावरणाचे हे प्रेम मग इतर खोक्यांतही पसरले. मला तो वेगळ्या ८९९ रुपयांना मिळाला, त्याच्या स्वतःच्या खोक्यात.

घरी येऊन कापले. आयती आलेली ४७ ॲप निघाली, त्यांतली ११ काढता येत नाहीत. रात्री नऊ वाजता फोनने आपण होऊन मला रमी खेळायला बोलावले. खाऱ्या हवेने गेलेल्या फोनच्याही आधीच्या फोनची काच, बॅटरी, कॅमेरा ठणठणीत असताना एके दिवशी बँकेच्या ॲपने ‘या आवृत्तीवर चालणार नाही’ असे सांगून त्याला म्हातारा ठरवले होते, ते आठवले. सडक्या आंब्याला बागायतदार निदान दुसरा आंबा देतो. येथे दोष दाखवला तर तो दोष नसतोच. ‘पुढच्या अपडेटमध्ये येईल’ असे असते. ते अपडेट बुधवारी आले, २ जीबीपेक्षा मोठे, आणि आमच्या घरी रेंज मिळते ती फक्त मागील दारच्या फणसाखाली, एका विशिष्ट फांदीच्या उंचीवर. तेथे दोरीने पिशवी टांगून, पिशवीवर प्लॅस्टिक घालून फोन ठेवला आहे. पुण्याच्या मुलीने कळल्यावर विचारले, “बाबा, मला आधी विचारायचं नाही का?” तीही अगदी नम्रपणे.

आबांनी निघताना माझा नंबर घेतला होता आणि मी त्यांचा. नाव लिहिताना मी ‘आबा’ टंकले, कीबोर्डने ‘आंबा’ केले, आणि मी ते तसेच राहू दिले. काल संध्याकाळी पावसात फणसाखालची पिशवी वाजू लागली. पडद्यावर ‘आंबा’. बोट लुंगीला पुसले, हिरवे वर्तुळ सरकवले, ते सरकले नाही. दुसरे बोट पुसले, तेही ओलेच. शेवटी नाकाच्या शेंड्याने फोन उचलला.

“मास्तरांनू, साको गावलो काय?”

मी पडद्यावरची निळी पट्टी पाहिली. ४१ टक्के.

“अजून अढीत आसा, आबांनू.”