ओटा बदलला म्हणून घर खाली करा?

दादरच्या चाळीतल्या एका काकूंना आलेली वकिलाची नोटीस आज वाचली आणि डोकं फिरलं. कडाप्प्याचा फुटका ओटा काढून ग्रॅनाइटचा बसवला, तर म्हणे हे 'विनापरवानगी कायमस्वरूपी बांधकाम', भाडेकराराचा भंग! आठ दिवसांत ताबा द्या. काकूंनी डबे पोत्यात भरायलाही घेतले होते.

कशाला भरायचे? नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १६. मालकाने दावा लावायचा, मुंबईत स्मॉल कॉज कोर्टात, आणि कारण सिद्ध करायचं. त्याच कलमात कायम बांधकामाखाली स्पष्टीकरण आहे: लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, दरवाजा, जाळी, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी हे त्यात धरत नाहीत. पालिकेची परवानगी जिथे लागते तिथे ती हवी, एवढंच. ओटा चक्क कायद्यात लिहिलाय! नोटीस लिहिणाऱ्या वकिलाला हे ठाऊक नसेल? मला नाही पटत.

उत्तर लेखीच द्या, स्पीड पोस्टाने, आणि पोचपावती जपा. मोघम 'आरोप खोटे आहेत' चालत नाही, एकेक आरोप वेगळा नाकारा. ओट्याचे फोटो, गवंड्याचं बिल, जुन्या भाडेपावत्या, वीजबिलं एका फाइलीत लावा.

खरी गोम पुढे आहे. नोटिशीनंतर मालक भाडं घेणंच बंद करतो. काकूंकडे पावती घेऊन येणारा माणूसही हल्ली फिरकत नाही. मग थकबाकीचा दावा लावायला मोकळे. म्हणून दर महिन्याला चेक पोस्टाने पाठवा, परत आलं तर पाकीट न फोडता ठेवा. थकबाकीच्या दाव्याआधीही मालकाला लेखी नोटीस देऊन ९० दिवस थांबावं लागतं. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी बाकी १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरली, पुढेही भरत राहिलात, तर त्या कारणावरून घर जात नाही.

हो, पोटभाडेकरू घुसवून वर पैसे खाणारे महाभाग आहेत. त्यांना काढा, पण कोर्टातून.

नळ किंवा वीज तोडली तर कलम २९ खाली अर्ज करा. कुलूप ठोकून बाहेर काढलं तर स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावा.

काकू हळूच म्हणाल्या, "कोर्टात गेले तर चाळीत काय म्हणतील?" काय म्हणायचंय हो! फुटक्या ओट्यावर हात कापून घेत स्वयंपाक करायचा होता का त्यांनी?

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनो, तुमचं गणित वेगळं आणि कडक आहे. मुदत संपली की मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जातो. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्रासह लढायची परवानगी मागितली नाही, तर त्याचं म्हणणं मान्य धरलं जातं, आणि मुदतीनंतर राहिल्याचे दुप्पट पैसे मागता येतात. करार नोंदवणं मात्र मालकाची जबाबदारी, भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. नोंदवला नसेल तर अटींबाबत तुमचं म्हणणं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत.

आणि 'स्वखुशीने ताबा देत आहे' असल्या छापील कागदावर कुणीही, कितीही गोड बोलून, सही मागितली तरी करू नका. काकूंच्या नोटिशीसोबत तोही कागद जोडलेला होता.