नॉइज रेकॉर्ड्सला नॅपस्टरनं मारलं? जरा तारखा तर पाहा

नागपूरच्या आमच्या रॉकवाल्या मंडळींत सध्या एक मेसेज फिरतोय. बर्लिनच्या नॉइज रेकॉर्ड्सचा मृत्युलेखच म्हणा. हेलोवीन, क्रिएटर, सेल्टिक फ्रॉस्ट या हेवी मेटल बँडांना जगापुढे आणणारी ही छोटी स्वतंत्र रेकॉर्ड कंपनी. मेसेजचं म्हणणं असं: बँड कृतघ्न निघाले, ग्रंजनं, म्हणजे नव्वदीतल्या अमेरिकी रॉकच्या नव्या लाटेनं, बाजार खाल्ला, आणि शेवटी एमपी थ्री फुकट उतरवणाऱ्या आपणच तिचा जीव घेतला. खाली हात जोडलेले. मला हा चौघांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी जन्मात मूळ कॅसेट विकत घेतलेली नाही, हे मी साक्षीनं सांगू शकतो.

आधी एमपी थ्रीचं बघू. नॅपस्टर, म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांची गाणी फुकट उतरवायची सोय, आलं जून 1999 मध्ये. नॉइजचे संस्थापक कार्ल-उलरिख वाल्टरबाख यांनी कंपनी ब्रिटनच्या सँक्चुअरी या संगीत कंपनीला विकली 2001 मध्ये. मध्ये जेमतेम दोन वर्षं. अमेरिकेत रेकॉर्ड उद्योगाची कमाई 1999 मध्ये शिगेला होती, सुमारे 1,460 कोटी डॉलर. ती निम्म्यावर यायला पुढची दहा-पंधरा वर्षं गेली. म्हणजे पूर आला खरा, पण मालक त्याआधीच घर विकून मोकळे झाले होते. पुरात सगळेच बुडाले असंही नाही. ब्रायन स्लेगेलनं 1982 मध्ये काढलेली मेटल ब्लेड ही अशीच स्वतंत्र कंपनी अजून चालू आहे.

आणि फुकट्यांना शिव्या घालताना एवढं तरी आठवा, की हे संगीत वाढलंच कॉपीवर. मेटॅलिका या बँडचा 1982 चा डेमो, म्हणजे नमुन्याचं ध्वनिमुद्रण, हातोहात भरलेल्या कॅसेटींवरून फिरत न्यू जर्सीच्या जुन्या बाजारात रेकॉर्ड विकणाऱ्या जॉन झझुला यांच्यापर्यंत पोचला. बँडचा अल्बम काढायला त्यांनी आणि बायको मार्शानं मेगाफोर्स ही कंपनीच काढली, आणि 1983 मध्ये ‘किल एम ऑल’ बाजारात आला. आमच्याकडेही तेच. नागपूरच्या बर्डी बाजारातल्या एका गल्लीत एक भाऊ नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घेऊन गेलं की दोन्ही बाजू भरून द्यायचा. हेलोवीनचा ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’ मी तिथंच पहिल्यांदा ऐकला. नागपुरात मूळ प्रत मिळत असती तर घेतली असती का? खरं सांगायचं तर तेव्हा नसती घेतली. नोकरी लागल्यावर दोन्ही भाग घेतले.

आता ‘कृतघ्न बँड’. इथं मेसेजवाल्याची मला कीव येते, कारण करार कसा असतो हेच त्याला ठाऊक नाही. काटोलकडे संत्र्याचा बगीचा फळ झाडावर असतानाच विकतात. व्यापारी इसार देतो, तोडा करतो, निघून जातो. रेकॉर्ड कंपनीही इसार देते, पण स्टुडिओचा खर्च तुमच्याच रॉयल्टीतून वळता करते. तो फिटेपर्यंत बहुतेकांच्या हातात काही पडत नाही. मोठा फरक पुढे आहे. इथं तोडा झाल्यावर झाडंही व्यापाऱ्याचीच राहतात! मूळ ध्वनिमुद्रणावरचा हक्क कंपनीकडे, आणि पुढचे अमुक इतके अल्बमही आधीच बांधलेले.

हेलोवीन 1988 नंतर ईएमआय या बड्या कंपनीकडे निघाले तेव्हा याच कागदावरून प्रकरण कोर्टात गेलं. पुढचा स्टुडिओ अल्बम यायला 1991 उजाडलं. ऐन भरात तीन वर्षं! सेल्टिक फ्रॉस्टचा टॉम वॉरियर तर ‘इन्टू द पँडेमोनियम’च्या वेळी कंपनीनं कसं छळलं हे आजवर सांगत आलाय. त्याची बाजू एकतर्फी असेल, मान्य. वाल्टरबाख पंकमधून आले होते, 1983 मध्ये कुणी हात लावत नव्हतं अशा पोरांवर त्यांनी पैसा लावला, हेही तितकंच खरं. पण ज्या कंपनीचा गल्ला दोन-चार बँडांवर चालतो, तिनं त्यांनाच दुखावलं तर भांडण नशिबाशी नसतं.

ग्रंजचा मुद्दा दोन ओळींत संपतो. ग्रंजची लाट आणणारा निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ 1991 चा. त्यानंतर याच नॉइजनं गामा रे या मेटल बँडचा ‘लँड ऑफ द फ्री’ 1995 मध्ये काढला. स्ट्रॅटोव्हेरियस या बँडचे अल्बमही काढले. 2000 मध्ये त्यांचा ‘इन्फिनिट’ आला तो मात्र न्यूक्लिअर ब्लास्टकडून. गेले कुठे? दुसऱ्या स्वतंत्र मेटल कंपनीतच.

शेवटी मेसेज म्हणतो, ‘कंपनीसोबत ते संगीतही गेलं.’ गेलं कुठेच नाही, विकलं गेलं. 2007 मध्ये सँक्चुअरीच युनिव्हर्सल या बड्या संगीत कंपनीनं घेतली. पुढे युनिव्हर्सलनं ईएमआय घेतली तेव्हा काही माल विकावा लागला, त्यात 2013 मध्ये सँक्चुअरीचा संग्रह बीएमजी या दुसऱ्या संगीत कंपनीकडे गेला. 2016 मध्ये बीएमजीनं नॉइजचं नाव परत छापून जुने अल्बम बाजारात आणले. मालक तीनदा बदलले, आणि झाडं लावणाऱ्यांना तिन्ही वेळा कुणी विचारलं नाही.

बर्डीवर भरलेली माझी कॅसेट अजून आहे. बी बाजूचं शेवटचं गाणं मध्येच तुटतं, फीत संपली होती.