दिवाळी पहाटेच्या तयारीत गाणं आडवं येऊ देऊ नका

गणपती उठले की गावोगावच्या समूहगान मंडळांना दिवाळी पहाटेचे वेध लागतात. यंदा तुमच्या मंडळात गाणी बसवणाऱ्या जुन्या बाई गुडघ्यांपायी घरी बसल्या असतील, सूत्रं तुमच्या हाती आली असतील आणि ‘आता जरा वेगळं करू या’ हे वाक्य तुमच्या ओठांवर आलं असेल, तर तुमचं अभिनंदन. हा लेख खास तुमच्यासाठी. मी डोंबिवलीतल्या अशाच एका मंडळात दुसऱ्या ओळीत डावीकडे उभी राहून गाते. तिथून नेतृत्व फार स्पष्ट दिसतं.

आधी नवा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा. जुना बंद करू नका. मग ‘कार्यक्रम समिती’ नावाचा तिसरा काढा आणि चौथा असा काढा, ज्यात फक्त तुम्हालाच लिहिता येईल. महत्त्वाचे निरोप नेमके ज्या ग्रुपमध्ये अर्धी माणसं नाहीत तिथे टाका, तेही रात्री साडेअकराला. आमच्याकडे परवा मंगळवारी गाण्यांची ‘फायनल’ यादी अशीच आली. बारा गाण्यांपैकी पाच उडाली होती. त्यात आषाढापासून घोटत आणलेलं, एव्हाना झोपेतही म्हणता येईल असं गाणं होतं. त्याच्या जागी जे आलं त्याचे शब्द वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवले होते. फोटो तिरका, आणि दुसऱ्या कडव्यावर कुणाचा तरी अंगठा. कुणी विचारलंच, की अहो, पाच गाणी आता कधी बसवायची, तर हात जोडलेली इमोजी टाका. त्याला उत्तर नसतं.

तालीम साडेपाचची सांगा, साडेसहाला सुरू करा. वेळेवर येणाऱ्यांना सतरंज्या घालायला मिळतात.

जादा तालीम नेहमी मेगाब्लॉकच्या रविवारी ठेवावी.

साडीचा रंग तीनदा बदला. आधी आमसुली, मग मोरपिशी, मग ‘मोरपिशीच, पण त्यातली गडद’. दुकानदाराचं नावही तुम्हीच सुचवा. पुरुषांना काही विचारू नका, ते क्रीम रंगाच्या कुर्त्यातच जन्माला आलेले असतात.

मग हार्मनी. हा शब्द तुम्ही कुठल्या तरी कार्यशाळेत ऐकलेला असणारच. संगीतकार सलील चौधरींनी पन्नासच्या दशकात बॉम्बे यूथ कॉयर उभा केला आणि माणसांना वेगवेगळ्या ओळी एकात एक गुंफून गायला लावलं. त्यासाठी ते प्रत्येक आवाजाची ओळ वेगळी बांधायचे. तुम्ही एवढा त्रास घेऊ नका. डावीकडच्या चार बायकांना सांगा, ‘तुम्ही हेच गाणं दोन सूर वरून म्हणा, छान वाटतं.’ झाली हार्मनी. गाणं भूप रागातलं असलं तर रिषभाच्या दोन सूर वर मध्यम येतो आणि पंचमाच्या दोन सूर वर निषाद. भूपात ना मध्यम ना निषाद. आता ते कुठून आणायचे, हा त्या चार बायकांचा प्रश्न. त्यातली एक मी आहे. मी तिथे तोंड नुसतं उघडं ठेवते. त्याचंही कौतुक झालं, ‘आता ब्लेंड होतंय’ म्हणून.

हे सगळं जमलं, की मुख्य कामाला लागा. वादकांना नारळ द्या आणि ट्रॅक, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेलं संगीत, आणा.

तबलजी, पेटीवाले, साइड ऱ्हिदमवाले ही माणसं चहा पितात, मानधन मागतात आणि सर्वांत वाईट म्हणजे गाणाऱ्यांकडे बघत वाजवतात. ट्रॅक कुणाकडे बघत नाही. गेल्या गुढीपाडव्याला आमची अख्खी पुढची ओळ अंतरा संपायच्या आत धृपदावर आली होती. तबलजींनी मान वर केली, एकच तुकडा तीनदा वाजवणारी छोटी तिहाई टाकली आणि आम्हाला समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणून सोडलं. समोर बसलेल्या कुणाच्या काही लक्षातही आलं नाही. ट्रॅकवर हेच झालं असतं तर बासऱ्या एकीकडे, आम्ही एकीकडे आणि शेवटी आम्ही संपल्यावरही संगीत चालूच. पण असू दे. ट्रॅकचा ‘साउंड मोठा’ येतो.

आणि पट्टी, म्हणजे कुठला सूर सा धरून गायचं ते? ती मूळ गाण्याची. मूळ गाणं गायलं होतं एका बाईने, एकटीने, स्टुडिओत, जन्मभर कमावलेल्या गळ्याने, काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून. आमच्याकडे वीस-बावीस बायका आणि पंधरा पुरुष, त्यातले निम्मे साठी उलटलेले. पुरुषांचा गळा साधारण काळी एकच्या आसपास खुलतो, बायकांचा काळी चार-पाचला. मधलं अंतर निदान पंचमाचं, सा ते प एवढं. काळी चारला पुरुषांनी बायकांच्याच सप्तकात गायचं तर तार षड्जाला, वरच्या ‘सा’ला, मानेच्या शिरा मोजता येतात. खालच्या सप्तकात जायचं तर मंद्रात नुसती हवा येते. हे अंतर कसं सांभाळायचं ही समूहगान बसवणाऱ्याची अर्धी विद्या आहे. आमच्या बाई नवं गाणं घेतलं, की आधी त्याचा सगळ्यांत खालचा सूर पेटीवर वाजवायच्या, मग सगळ्यांत वरचा, मग मागच्या ओळीकडे बघायच्या आणि त्यानंतर पट्टी ठरायची. पुरुषांना चढणारी ओळ बायकांकडे, बायकांना बुडणारी ओळ पुरुषांकडे, धृपद दोघांत. त्यांच्या वहीत प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलीने बा, पु, स असं लिहिलेलं असायचं. ही वही त्यांनी जाताना तुमच्या हातात दिली. कुठे आहे ती?

नाही, सहज विचारलं.

मागच्या ओळीतल्या काकांनी फार नम्रपणे सुचवलं, की मोबाइलवर बटण दाबून ट्रॅक दोन-तीन सूर खाली घेता येतो, माझा नातूही घेतो. उत्तर काय मिळालं? ‘नको काका, त्याने साउंड फाटतो.’ साउंड फाटतो! काकांचा गळा फाटला तरी हरकत नाही. काका गेल्या दोन रविवारांत आलेले नाहीत. त्यांना फोन करायचं कुणाला सुचलं नाही. त्यांच्या जागी ‘फ्रेम भरायला’ कुणाचा तरी भाचा उभा केला. तो गात नाही, पण उंच आहे.

आणि पेटीला तर तुम्ही हॉलमधूनच काढलंत, ‘ओल्ड फॅशन्ड दिसते’ म्हणून. आकाशवाणीनेही १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पण तिथे निदान वाद सुरांचा होता, की पेटीचे सूर ठोकून बसवलेले, त्यातून एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही, दोन सुरांमधली बारीक श्रुती सापडत नाही. दिसण्याचा नव्हता.

असो. मी सल्ले देत होते.

कार्यक्रम मोकळ्या मैदानावर आणि पहाटे पाचला ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक लावता येत नाही, म्हणजे पहिला तासभर तुम्हाला पोलिसांशी बोलता येईल. प्रवेश विनामूल्य म्हणून छापा आणि दारात ‘ऐच्छिक देणगी, किमान रु. २००’ अशी पाटी लावा. कॉपीराइट कायद्यात हौशी मंडळांना जी सवलत आहे ती पैसे न देणाऱ्या श्रोत्यांसमोर गाण्यासाठी आहे, पण ऐच्छिक आणि किमान हे दोन शब्द एका पाटीवर आले, की कायदाही बुचकळ्यात पडेल.

निवेदन भरपूर हवं. बारा गाणी चार-चार मिनिटांची धरली तर अठ्ठेचाळीस मिनिटं होतात, आणि कार्यक्रम दोन तासांचा. उरलेल्या वेळात दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रायोजकांचं मनोगत आणि प्रत्येक गाण्याआधी त्या गाण्यात काय आहे हे सांगणारी निवेदिका. वेळ कमी पडला तर कडवी कापा.

शेवटचा सल्ला रीलचा. दिवाळीच्या सकाळी फडके रोडवर नटूनथटून उभी असलेली पोरं आत यावीत, तर रील पाहिजेच. त्यासाठी गेल्या रविवारची तालीम कारणी लागली. हॉलच्या मधोमध रिंगलाइट, स्टँडवर फोन, आम्ही उंचीप्रमाणे उभे. सुराप्रमाणे नव्हे, उंचीप्रमाणे. हसा, हात एकदम वर करा, आता डावीकडून उजवीकडे बघा. मी विचारलं, आवाज रेकॉर्ड होतोय का? तर म्हणे, ‘तुम्ही फक्त ओठ हलवा, आवाज नंतर लावू.’

लावला. बुधवारी रील आलं. चेहरे आमचे आणि आवाज मूळ गायिकेचा. खाली मंडळाचं नाव, शेजारी दिव्याचं चित्र आणि ‘आमचा सामूहिक स्वराविष्कार’. माझ्या जावेने फोन करून म्हटलं, ‘अगं, किती सुरेख गाता तुम्ही!’ मी काय सांगू तिला?

अहो, लाज कशी वाटत नाही? पस्तीस-चाळीस माणसांच्या तोंडात दुसऱ्याचा आवाज घालता आणि त्याला समूहगान म्हणता? संगीतकार वसंत देसाईंनी हजारो शाळकरी पोरांना एका वेळी एका सुरात गायला लावलं, ती पोरं काय उंचीप्रमाणे उभी केली म्हणून सुरात आली? बसवून घेतलं त्यांच्याकडून. पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं.

बदलाला कुणाचा विरोध नाही. बाईंचंही सगळं बरोबर होतं असं नाही. त्या नवं गाणं घ्यायला घाबरायच्या, रागवायच्या फार आणि तरुण मुलं टिकली नाहीत ती त्यामुळेच. तुम्ही आलात तेव्हा आम्हाला बरं वाटलं होतं, सांगू का. खरी हार्मनी बसवाल, एखादं गाणं तीन आवाजांत नीट लिहून आणाल, वेगळ्या भाषेतलं काही घ्याल असं वाटलं. तुम्ही काय बदललंत? साडी, ग्रुप, पाटी, दिवे. जिथे हात लावायला हवा होता तिथे तुम्ही फिरकलाच नाहीत. एकाही गाण्यात श्वास कुठे घ्यायचा ते ठरलेलं नाही. चाळीस माणसं चाळीस ठिकाणी श्वास घेतात, अर्धी शब्दाच्या मधेच, आणि तुम्ही त्या वेळी फोनमध्ये फ्रेम बघत असता. तिसऱ्या गाण्याचं शेवटचं कडवं आजवर एकदाही सलग म्हटलेलं नाही. जुन्या यादीतलं जे गाणं बसलं होतं ते तुम्ही काढलंत, कारण त्याचा ट्रॅक मिळत नाही!

सहा दिवस लोकलला लटकून सातव्या दिवशी माणसं तुमच्याकडे येतात ती गायला येतात. हात वर करायला नाही. येत्या रविवारी रिंगलाइट घरी ठेवा. काकांना आजच फोन करा आणि ‘चुकलं’ म्हणा. तबलजी अजून रिकामे आहेत, मी विचारून ठेवलंय. त्या भाच्याला गाता येत असेल तर राहू दे, नाही तर त्यालाही त्याची दिवाळी करू दे. आणि बाईंची वही शोधा. सापडत नसेल तर तसं सांगा, त्यांच्या पायाशी बसून मी दुसरी लिहून आणते.

आणि हो, गडद मोरपिशी मी घेणार नाही. गेल्या वर्षीची आहे, तीच नेसेन.